सायकलचा डावा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, वाटेत निखळला, तर एका पायाने घर गाठता येतं का?

येतं. मी नवी मुंबईतल्या रबाळ्याहून ठाण्याजवळच्या कळव्यापर्यंत आले आहे, जुलैच्या पावसात, रात्री साडेनऊनंतर.

तुम्ही लिहिलंय की तुर्भ्याहून ठाण्याला येताना ऐरोलीच्या अलीकडे डावं पायडल क्रँकसकट गळून पडलं, हाताने दाबून परत बसवलं तर दहा-वीस फेऱ्यांत पुन्हा निघालं, असं चार वेळा झालं आणि शेवटी दोन तास सायकल ढकलत घरी पोचलात. एका पायाने चालवली असती तर सायकलीचं आणखी नुकसान झालं असतं का, असं तुम्ही विचारलंय. नुकसान झालंय, पण ते क्रँक चार वेळा बसवून त्यावर जोर दिल्यामुळे. तो पहिल्यांदा निघाला तेव्हाच पिशवीत टाकून एका पायाने निघाला असतात, तर सायकलीला काही झालं नसतं आणि कदाचित क्रँकही वाचला असता.

सायकल पुढे जाते ती उजव्या बाजूच्या सामानावर. चेनव्हील म्हणजे पुढचं दातेरी चक्र, चेन, मागचं फ्रीव्हील म्हणजे पुढे चाक ओढणारं आणि उलटं मोकळं फिरणारं चक्र, सगळं उजवीकडे. डावा क्रँक फक्त डाव्या पायाची ताकद मधल्या एक्सलमधून उजवीकडे पोचवतो. त्यामुळे तो गेला तरी बाकी सायकल धडधाकट असते. नुसतं उजवं पायडल तुटलं तरीही डाव्या पायाने चालवता येतं, कारण क्रँक जागेवर असतो. उजवा क्रँक चेनव्हीलसकट निघाला तर मात्र खेळ संपला. चेन ओढायला काही उरतच नाही. मग सीट खाली करून दोन्ही पायांनी जमीन रेटत जायचं, नाहीतर रिक्षा.

माझं सांगते. मी महाप्याला कामाला आहे आणि घर कळव्याच्या खारेगावात. जाताना अकरा-बारा किलोमीटर, येताना तेवढेच. त्या आठवड्यात चार दिवस पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज येत होता. पावसाळ्यात सायकल कुरकुरतेच, रविवारी बघू, म्हणून मी चालवत राहिले. रबाळ्याच्या पुढे सर्व्हिस रोडला डाव्या पायाखालचा आधार एकाएकी गेला. पडले नाही, कारण वेग कमी होता आणि मी सीटवर बसलेली होते. उभं राहून पायडल मारत असते तर तोंडावर आपटले असते. ढिल्या क्रँकचा खरा धोका हा आहे, आणि तुम्ही चार वेळा तो पत्करलात म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

क्रँक गटाराच्या झाकणापाशी जाऊन पडला होता. दिव्याच्या खांबाखाली नेऊन पाहिला. त्याच्या डोक्यात चौकोनी भोक असतं, एक्सलचं निमुळतं चौकोनी टोक त्यात रुतून बसतं आणि बोल्टने घट्ट ओढलं जातं. माझ्या क्रँकच्या भोकाचे चारही कोपरे गोल झाले होते. आत ॲल्युमिनियमचा कीस चिकटलेला होता, बोटाला शिसपेन्सिलीसारखा काळा लागला. एक्सलचं टोक मात्र जसंच्या तसं, कोपरे धारदार. एक्सल पोलादाचा आणि क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे दोघांत ढिलाई आली की झिजतो तो मऊ धातू. दर फेरीला जो ‘टक्’ येत होता तो हाच: पोलादाचा कोपरा ॲल्युमिनियम खात होता. बोल्ट केव्हा पडला ते कळलंही नव्हतं.

थोडं पुढे ट्रकच्या टायरचं पंक्चर काढणारे एक काका होते. त्यांनी क्रँक हातात घेतला, भोकात करंगळी फिरवली आणि म्हणाले, “ताई, चौकोन गेला ह्याचा. आता कितीबी ठोका, नाय धरणार.” मग जुन्या ट्यूबमधून दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापून दिली. “ही उजव्या पायाला घ्या. गावाला पायडल मोडलं की आम्ही असंच यायचो.” पैसे घेतले नाहीत.

मी पहिल्यांदा पट्टीशिवायच बसून पाहिलं. एक जोराचा रेटा दिला, पायडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं. दोन पाय चालतात तेव्हा एक खाली जाताना दुसऱ्याला वर आणत असतो. इतकं आपोआप होतं की ते कधी लक्षातच येत नाही. एक क्रँक नसला की खाली गेलेलं पायडल वर आणायला कोणी नाही, आणि फ्रीव्हील असल्यामुळे मागचं चाकही त्याला फिरवून वर आणत नाही. एका पायाने सायकल चालवणं म्हणजे ही अर्धी फेरी कशी पार करायची, एवढाच प्रश्न आहे.

पट्टी इथे कामाला येते. ती पायडलखालून घ्यायची, बुटावर आठच्या आकड्यासारखी फिरवायची आणि टोक नुसतं खोचायचं. गाठ अजिबात मारू नका. पाय हिसडला की सुटली पाहिजे. रबर ताणलं जातं म्हणून ट्यूब चांगली, ओढणी किंवा सुतळी नको, ती आवळून बसते आणि चेनव्हीलमध्ये जायची भीती असते. आता पायडल खाली गेलं की पाय मागे ओढा, चपलेला लागलेला चिखल पायरीच्या कडेला पुसतो तसा. तेवढ्या झटक्याने ते मागून वर चढतं. वर आलं की गुडघा पुढे लोटा आणि मग दाबा. पुसा, लोटा, दाबा. पहिली पन्नास पावलं अडखळत जातात, नंतर पायाला ताल सापडतो.

पट्टी नसेल तर पूर्ण फेरी मारायच्या भानगडीत पडू नका. पायडल घड्याळातल्या एकच्या काट्यावर घ्या, पाचपर्यंत दाबा, मग बुटाचं टोक पायडलखाली घालून त्याच वाटेने उलटं वर उचला आणि पुन्हा दाबा. हापशाचा दांडा मारतो तसं. फ्रीव्हील उलट्या बाजूला मोकळं फिरतं, म्हणून हे जमतं. वेग कमी मिळतो, पण सपाट रस्त्यावर सायकल चालत राहते.

गिअरची सायकल असेल तर मधला गिअर लावा. फार हलका लावला की पाय झरकन खाली जाऊन आदळतो आणि वर आणायला गती उरत नाही. फार जड लावला तर वरच्या टोकाला अडकून सायकल उभी राहते. सीट दोन बोटं खाली घ्या, म्हणजे वरच्या टोकाला गुडघा सहज वळतो आणि मोकळा पाय जमिनीला पुरतो. सुरुवात करताना उजवं पायडल एकच्या काट्यावर आणून ठेवायचं, डाव्या पायाने स्कूटरसारखे दोन-तीन ढकले द्यायचे आणि मगच दाबायचं. उभ्या सायकलीवरून नुसत्या एका पायाच्या जोरावर निघायला जाऊ नका, सायकल आडवी होते.

प्रत्येक रेट्याला सायकल उजवीकडे झुकते. तेव्हा हँडलची उजवी मूठ जराशी वर ओढली की ती सरळ राहते. हे हातांना लवकर कळतं.

डाव्या पायाचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि मला पहिल्या किलोमीटरला त्यानेच घाबरवलं. क्रँक निघाला तरी एक्सलचं चौकोनी टोक बाहेर असतं आणि ते दर फेरीला फिरतं. माझ्या सलवारीची कड त्यात गुंडाळली गेली. उतरून ती सोडवली, टोकावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबरबँड लावलं, सलवार मोज्यात खोचली आणि मग निघाले. पाय थोडा पुढे, मोकळा लोंबता ठेवा. मागे नेला तर चाकाच्या तारांत जाऊ शकतो. एका बाबतीत आपल्याकडे डावी बाजू जाणं सोयीचं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, त्यामुळे मोकळा पाय कडेलाच असतो, वाटेल तेव्हा टेकता येतो.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली घोट्यापर्यंत पाणी होतं. तिथे उतरून चालले. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि एका पायावर तोल सावरायला दुसरी संधी मिळत नाही. तुम्हाला तर पुढे कळव्याचा खाडीपूलही चढायचा असतो. चढ दिसला की उतरा, एका मांडीवर तो भार टाकण्यात शहाणपण नाही. रबाळ्यापासून घरापर्यंतचे सहा-सात किलोमीटर, त्यात दोन वेळा थांबून, मला साधारण पन्नास मिनिटं लागली. चालत आले असते तर दीड तास. उजवी मांडी दोन दिवस भरून आली होती. गुडघा दुखायला लागला असता तर मात्र तिथेच उतरले असते. मांडीचं दुखणं दोन दिवसांत जातं, गुडघ्याचं तसं नसतं.

एका पायाने लांबवर सायकल चालवणं माणसाच्या आवाक्यातलं आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. हैदराबादच्या आदित्य मेहता यांनी अपघातात पाय गमावल्यावर सायकलिंगमध्येच देशासाठी पदकं मिळवली. दिव्यांग सायकलपटूंच्या शर्यतींत दुचाकी सायकलीचे सी-१ ते सी-५ असे गट असतात, आणि त्यांत एकाच पायाने पायडल मारणारे खेळाडूही असतात. त्यांचा बूट पायडलला क्लिपने जोडलेला असतो. ट्यूबची पट्टी तेच काम साधेपणाने करते.

तरीही प्रत्येक ठिकाणी हे करू नका. ठाणे-बेलापूर रोडच्या मुख्य लेनमध्ये कंटेनर चालतात, तिथे लडखडणाऱ्या सायकलीला जागा नाही, सर्व्हिस रोडच धरा. उड्डाणपूल टाळा. मागचा लाल दिवा नसेल आणि अंधार असेल तर सरळ रिक्षा बघा. पुढचं चाक काढलं की सायकल मागच्या सीटवर आडवी बसते. बरेच रिक्षावाले आधी नको म्हणतात आणि चाक काढून दाखवलं की तयार होतात.

आता तुमच्या सायकलीचं. पायडल निघणं आणि क्रँक निघणं यांत फरक आहे आणि दुकानात गेल्यावर तो कामाला येतो. पायडल क्रँकच्या टोकाला आट्यांवर बसतं. उजव्याचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. ओळखायची सोपी खूण अशी की पाना पायडलच्या एक्सलवर वरच्या बाजूने लावला आणि पुढच्या चाकाच्या दिशेने ढकलला, की दोन्ही पायडलं आवळतात. पानाही वेगळा, बहुतेक पायडलांना १५ नंबरचा लागतो. डावं पायडल सवयीने सुलटं आवळायला जाऊन क्रँकचे आटे उडवलेली सायकल मी आमच्याच सोसायटीत पाहिली आहे.

उलटे आटे कशासाठी, हे हातावर करून बघा. मूठ सैल मिटून त्यात पेन उभं धरा आणि पेनचं वरचं टोक गोल फिरवा. पेन मुठीत घासत स्वतःभोवती उलट्या दिशेला वळतं. पायाचा भार असलेलं पायडल क्रँकच्या भोकात अगदी तसंच, केसाइतकं, वळत असतं. डावीकडे साधे आटे असते तर प्रत्येक फेरीला ते थोडं थोडं सुटत गेलं असतं. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं आधी अमेरिकेतल्या डेटनमध्ये सायकलींचं दुकान होतं, आणि १९०० साली त्यांनी आपल्या सायकलींना डाव्या पायडलचे उलटे आटे दिले होते. मला हे फार आवडतं. सव्वाशे वर्षं झाली, आणि आपल्या गल्लीतली प्रत्येक सायकल अजून त्याच हिशोबाने चालते.

क्रँकच्या बोल्टला मात्र ही सोय नसते, तो दोन्ही बाजूंना सुलटाच आवळायचा. बहुतेक चौकोनी एक्सलना १४ नंबरचा बॉक्स पाना किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की लागते. हाताने नाही, लांब दांड्याने अंग टाकून आवळायचा. नवीन सायकल घेतली की पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर हा बोल्ट एकदा तपासा. नवा क्रँक टोकावर थोडा आत सरकून बसतो आणि बोल्ट ढिला पडतो. दुकानदाराने हे सांगायला हवं, पण मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाटेत क्रँक ढिला झाला, बोल्ट अजून हाताशी आहे आणि भोकाचे कोपरे थोडेच झिजलेत, तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा पट्टीसारखा कापून टोकाभोवती ठेवा आणि वरून क्रँक बसवून आवळा. घरापर्यंत धरतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या घोडासायकलीची गोष्ट वेगळी, तिथे क्रँक एक्सलवर अडकवून ठेवणारी कॉटर पिन असते. ती ढिली झाली की नट आवळून भागत नाही. क्रँकखाली भक्कम आधार देऊन पिन हातोडीने आत बसवायची आणि मग नट.

आवाज कुठून येतो ते ओळखायला शिका, कारण सायकल जवळजवळ नेहमी आधी सांगते. पायडल थांबवा आणि सायकल नुसती वाहू द्या. आवाज थांबला तर दोष क्रँक, पायडल किंवा चेनमध्ये. चालूच राहिला तर चाकात. सीटवरून उठून पायडल मारल्यावर थांबला तर सीटच्या नळीत. आणि पायडलच्या फेरीला बरोबर एकदाच ‘टक्’ येत असेल तर पुढच्या दिव्याच्या खांबाखाली थांबा, डावा क्रँक हाताने बाहेर-आत हलवून बघा. जराही हलला तर त्यावर पाय ठेवू नका.

बाकीच्या मोडतोडीबद्दल थोडक्यात. आपल्या या रस्त्यावर पंक्चर बहुधा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारेने होतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे तार आहे, नाहीतर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. पावसात ठिगळ चिकटत नाही, म्हणून एक जादा ट्यूब बाळगा. फ्रीव्हील आतून निसटून पायडल दोन्ही बाजूंना मोकळं फिरायला लागलं तर मागचं मोठं चक्र केबल टायने तारांना चार-पाच ठिकाणी बांधा. मग सायकल चालते, पण पायडल सतत फिरत राहतं, त्यामुळे सावकाश. चाकाची तार तुटली तर ती शेजारच्या तारेभोवती गुंडाळा आणि रिम ब्रेकला घासत असेल तर ब्रेक सैल करा.

माझ्या सीटखालच्या पिशवीत आता १५ चा पाना, ८ ची ॲलन की, केबल टाय, ट्यूब आणि काकांनी दिलेली ती पट्टी असते. त्या रात्रीनंतर वर्षभरात ती मी दोनदा दुसऱ्यांना बांधून दिली आहे, एकदा ऐरोलीला बारावीतल्या एका मुलाला.

तुम्ही उद्या दुकानात जाल तेव्हा निघालेला क्रँक बरोबर न्या. त्याच्या आतल्या बाजूला १६५, १७० किंवा १७५ असा आकडा कोरलेला असतो. ती क्रँकची मिलिमीटरमधली लांबी. नवा डावा क्रँक त्याच लांबीचा आणि चौकोनी भोकाचा मागा, फक्त डावा सुटा मिळतो, पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. जुन्या क्रँकवरचं पायडल काढून नव्यावर लावता येईल, आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा. बसवताना तिथेच उभे राहा आणि बोल्ट नवीन लावून घ्या.